मामंजींचं उलट फिरणारं रीळ

शनिवार, ता. ५

महिन्याचा पहिला शनिवार, म्हणजे तेलाचा दिवस. सकाळची प्रार्थना झाली, पदर खोचला आणि घरात जे जे कुरकुरतं त्याला तेल घातलं. दाराच्या बिजागऱ्या, कपाटाचं कुलूप, कात्री, शिलाईचं मशीन. हे म्हणाले, "माझ्या गुडघ्यालाही दोन थेंब सोड." दर महिन्याला हेच म्हणतात आणि दर महिन्याला मी हसते. पंचवीस वर्षं संसार काय उगाच टिकला?

मशीन हल्ली तेल घालूनही जड चालतं. जुनं झालं असेल. तेलाची कुपी मात्र माझी कधी रिकामी होत नाही. देवासमोरच्या दिव्यात रोज तळाशी थोडं तेल उरतं. ते टाकायचं तरी कसं? एक तर वस्तू वाया, त्यात देवाची. म्हणून मी ते गाळून मशीनच्या कुपीत ओतते. तेलात तेल मिसळतं आणि घरभर देवाचा हात फिरतो.

या खेपेला मामंजींचं मासे धरायचं रीळही घेतलं. परवा ते फिरवून बघत होते तेव्हा कर्र वाजलं होतं. आज दुपारी ते झोपल्यावर काठीवरून उतरवलं. पुढचं बटण फिरवून दोऱ्याचं चाक कसं काढायचं हे मी त्यांना करताना शंभरदा पाहिलंय. चाक काढलं की मध्ये एक नट दिसतो. त्याच्या भोवतीच्या फटीत तेल सोडलं. एरवी मी थेंब मोजते, पण वडीलधाऱ्यांच्या कामात हात आखडता कशाला घ्यायचा? फट पिईल तेवढं पाजलं. आवाज गेला.

मासे मारणं मला पटत नाही, हे देवाला ठाऊक आहे. पण त्यात रिळाचा काय दोष? मामंजींना सांगितलं नाही. केलेल्या सेवेचा डंका पिटू नये.

मंगळवार, ता. ८

मामंजी आज तलावावरून दहालाच परत आले. उजव्या हाताला रुमाल बांधलेला, बोटांची सालं निघालेली. मोठा मासा लागला होता. त्यानं ओढ दिली आणि हँडल गर्रकन उलटं फिरून मामंजींच्याच बोटांवर आपटलं. दोऱ्याचा गुंता झाला, दोरा तुटला, मासा गेला.

मी हळद लावायला गेले तर म्हणाले, "बोटांचं काही नाही गं. हात धरेना. एक्केचाळीस वर्षं लेथवर लोखंड धरलं या हातानं, आज एक मासा धरवेना."

संध्याकाळी हे घरी आले आणि जिथे गप्प बसायचं तिथेच नेमके बोलले. "बाबा, आता एकोणऐंशी वर्षं झाली. पुरे ना ते. उद्या पाण्यात पडलात तर?"

"पुरे तर पुरे," मामंजी म्हणाले. उठले, काठी आणि रीळ उचलून कपाटावर ठेवलं आणि म्हणाले, "आजपासून या वस्तूचं नाव माझ्या तोंडून या घरात निघणार नाही."

मामंजींचा शब्द म्हणजे शब्द. बावीस वर्षांपूर्वी रागाच्या भरात साखर सोडतो म्हणाले होते. राग कशाचा होता तेसुद्धा आता कुणाला आठवत नाही. चहा अजून बिनसाखरेचाच पितात, तोंड वाकडं करून.

शुक्रवार, ता. ११

तीन दिवस मामंजी भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. वर्तमानपत्राची घडी मोडलेली नाही. एरवी सकाळी बातम्यांतल्या चुका मोठ्यांदा वाचून दाखवतात, आम्हाला नको नको होतं. आता घर कसं शांत आहे, आणि ही शांतता मला सोसवत नाही.

जखम भरली तरी कप डाव्या हातानं घेतात. सदऱ्याची बटणं आज यांच्याकडून लावून घेतली. उजव्या हाताकडे असे बघतात, जसं काही तो घरातून पैसे चोरताना सापडलाय.

हे म्हणाले, "आमचे कॅशियर मासेमारीवाले आहेत. रविवारी, वीस तारखेला येऊन बघून जातील. रीळ नुसतं पडून गंजण्यापेक्षा विकलेलं बरं."

मामंजी भिंतीला म्हणाले, "विका."

मला रडू आलं. मासे वाचतील म्हणून खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मी मॅट्रिकला बसले ती लग्नानंतर, दोनदा नापास होऊन. तिसऱ्यांदा फॉर्म भरायला मी नको म्हणत होते, तर मामंजी मला सायकलवर डबलसीट घेऊन गेले. सगळी गल्ली बघत होती. "बघू दे," म्हणाले, "बघणाऱ्यांचे पेपर नाहीयेत." त्याच हातांनी हँडल धरलं होतं.

देवा, त्यांना उठव. मासे धरायला उठले तरी चालेल. त्याचं आपण नंतर बघू.

सोमवार, ता. १४

कपाटावरची धूळ झटकताना रीळ हातात आलं. सहज फिरवलं. पुढे फिरलं. मागे फिरवलं, तर मागेही गरागरा फिरलं! घट्ट धरून बघितलं, तरी दोरा ओढला की हँडल उलटं पळतं. आता माझा हात काही म्हातारा नाही. दोन्ही बादल्या भरून मीच जिना चढते. म्हणजे बिघाड रिळात आहे, मामंजींत नाही!

धावत जाऊन सांगितलं. मामंजी वळलेसुद्धा नाहीत. "माझं मन राखायला सांगू नकोस, पोरी."

म्हटलं, असं होय? मग दाखवतेच. रीळ पिशवीत घातलं आणि चौकापलीकडच्या दुकानात गेले. दुकानदारानं दोनदा फिरवलं आणि म्हणाला, "ताई, यात क्लच असतो. कडं असतं, आत बारीक रूळ. पुढे फिरवलं की फिरू देतात, मागे फिरायला लागलं की अडकून बसतात. ते अडकत नाहीयेत. हे मॉडेल बंद झालं. नवीन घ्या."

नव्याची किंमत ऐकून मी कुणी बस न म्हणता स्टुलावर बसले.

"उघडून तर बघा."

"उघडायला परवडत नाही ताई."

"मग मीच उघडते."

तो हसला. "नटाखाली वरची वाटी, वाटीखाली तीन स्क्रू, त्याखाली क्लच. आत मोहरीएवढ्या स्प्रिंगा आहेत. उडाली की गेली."

"तीस वर्षं डाळीतले खडे वेचतेय," मी म्हटलं. "मोहरी दिसते मला."

दुकानातून ताठ मानेनं बाहेर पडले. घरी आल्यावर मान थोडी वाकली.

मंगळवार, ता. १५

दुपारपर्यंत ऊन फक्त मामंजींच्या खोलीतल्या टेबलावर असतं, म्हणून तिथेच मांडामांड केली. पांढरी चादर, चिमटा, पाना, बशा. आणि माझी हिशेबाची वही. डाव्या पानावर "काढलं", उजव्या पानावर "घातलं". ज्या क्रमानं काढेन त्याच्या उलट क्रमानं घालायचं. दोन्ही पानं जुळली की काम चोख.

मामंजी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. म्हणजे भिंतीला लागून काचेचं कपाट आहे, त्याच्याकडे.

नट काही हलेना. पान्यावर सगळा भार टाकला. तेवढ्यात मामंजींना जोराचा खोकला आला. उठून पाणी दिलं. परत पाना लावला, परत खोकला. तिसऱ्यांदा तर इतकी ढास लागली की मी दचकून मागे वळले आणि वळताना पाना चुकून भलतीकडेच दाबला गेला. आणि नट सुटला! उलट्या आट्यांचा होता म्हणायचा. देवाची करणी. खोकला मात्र काळजीचा वाटतो.

वाटी उचलली तर आतून वास आला. ओळखीचा, पण कुठला ते ध्यानात येईना. मामंजींनी अचानक कूस बदलली, दोनदा हुंगलं, रिळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत तोंड फिरवलं. थोड्या वेळानं पाहते तर पाठ नुसती गदगदत होती. रडत असावेत. मी हाक मारली नाही. पुरुषमाणसाला अशा वेळी एकटं सोडावं.

संध्याकाळी स्वतःहून एक वाक्य बोलले. आठ दिवसांत पहिलं. "कपाटाची काच पुसून घे गं, फार धूळ बसलीय." पुसली. बरं वाटलं, घराकडे लक्ष आहे म्हणायचं.

बुधवार, ता. १६

खोकला वाढला. तिन्ही स्क्रू काढून एकाच बशीत ठेवायला गेले तर ढास. घाबरून तीन बशांत तीन ठेवले आणि वहीत लिहिलं: वरचा, डावा, उजवा. नंतर पाहिलं तर एक स्क्रू दोघांपेक्षा आखूड होता. मिसळले असते तर पंचाईत होती.

गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पाठ, छाती, घसा सगळं तपासलं.

"छाती अगदी स्वच्छ आहे. खोकला कधी येतो?"

"मी रीळ उघडून बसले की. त्यातही काही अवघड करायला गेले की. रात्री अजिबात नाही."

डॉक्टरीणबाईंनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी कपाटाकडे पाहिलं.

"असं करा," त्या म्हणाल्या, "रीळ उघडत राहा."

फी घेतली नाही. बाईंचं शिक्षण किती झालंय कोण जाणे. मी आपलं आलं-मध सुरू केलं.

गुरुवार, ता. १७

जे सापडलं ते लिहूनच ठेवते.

कडं बाहेर आलं. आत आठ बारीक रूळ, प्रत्येकाच्या मागे एक स्प्रिंग. आणि सगळे पिवळट चिकट राड्यात बुडालेले, गुळाच्या पाकात मुंग्या अडकाव्यात तसे. सुटे असतील तर ते सरकून अडकणार ना! चिकटून बसले की काय अडवणार?

बोटावर घेऊन वास घेतला आणि ओळख पटली. रोज पहाटे देवासमोर येतो तोच वास.

म्हणजे मासा मी घालवला. बोटं मी सोलली. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला, हात गेला, हात गेला म्हणून मी झुरायला लावलं. आणि वर देवाच्या तेलानं!

देवासमोर जाऊन बसले. म्हटलं, तुझ्या दिव्यातलं तेल, तू तरी असं कसं होऊ दिलंस? मग माझं मलाच वाटलं, तेल दिव्याचं होतं, ते दिव्यात ठीक होतं. देवानं कुठे सांगितलं होतं रिळात ओत म्हणून? काटकसर माझी, हात माझा. मशीन जड का चालतं तेही उमगलं. बिजागऱ्यांचं तर मी बघितलंच नाही अजून.

मामंजींना सांगायला हवं. पण सांगितलं तर त्यांच्या मनातून उतरेन. त्यापेक्षा गुपचूप साफ करून, जोडून, हातात द्यावं. चाललं म्हणजे झालं. देवाला कळलंय तेवढं पुरे आहे.

राड्यासाठी रॉकेल घेतलं आणि जुन्या दातब्रशानं एकेक रूळ घासला. आठ रूळ झाले, सात स्प्रिंगा झाल्या, आठवी टुणकन उडाली. चादर झटकली, टेबलाखाली रांगले, पलंगाखाली रांगले. खोकला. वर बघितलं तर मामंजी झोपेतच डोक्याची मागची बाजू कराकरा खाजवत होते. बघून मलाही खाज सुटली. हात मागे नेला, तर स्प्रिंग अंबाड्यात!

देव आहे. रागावलाय, पण आहे.

शुक्रवार, ता. १८

सगळं कोरडं करून जोडलं. वहीतली पानं जुळवत एकेक वस्तू चढवली. मध्ये दोन-तीनदा खोकला आला, पण मी आता तिकडे लक्ष न द्यायचं ठरवलं होतं. कामात चित्त हवं. पुढच्या खोलीत नेऊन यांच्या देखत हँडल फिरवलं.

पुढे फिरेचना. मागे मात्र मस्त फिरतं.

हे म्हणाले, "छान. कॅशियरला सांगू, तलावाकडे पाठ करून बसा."

मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडायला कारण झालं. परवा रविवार.

मामंजींना चहा दिला. पिऊन झाल्यावर कप बशीत पालथा घालून ठेवला. असं कधी करत नाहीत. उचलून सरळ केला, तर माझ्यासमोर पुन्हा पालथा घातला आणि वरून बोटानं टकटक केलं. चहा आवडला नसावा. बिनसाखरेचा कसा आवडेल?

कप विसळताना हातातला कप बघत राहिले. पालथा. कडं पालथं बसलं असेल तर? वरचं खाली, म्हणजे पुढचं मागे! हे सुचवणारा दुसरा कोण? देवाला म्हटलं, तू रागावला नाहीस तर.

शनिवार, ता. १९

कडं उलटं करून बसवलं. हँडल पुढे फिरलं. मागे फिरवलं. टक्! जागच्या जागी थांबलं. तसूभर हललं नाही. दोरा दाराच्या कडीला बांधून ओढून पाहिला, कडी वाकली पण हँडल नाही.

पण वहीची पानं जुळेनात. डाव्या पानावर अठरा, उजव्या पानावर सतरा, आणि बशीत शिल्लक एक वॉशर. माझ्या वहीत आजवर शिल्लक राहिली ती पैशांची, ती आनंदानं लिहिली. ही शिल्लक लिहिताना घाम फुटला.

वॉशर नटाखाली ठेवून बघितला. खोकला. वाटीखाली. खोकला. दोऱ्याच्या चाकाखाली दांड्यावर ठेवला. शांतता. औषध एकदम लागू पडलं बहुतेक. आणि तिथेच तो घट्ट बसला. दोन्ही पानं अठरा.

उद्या सकाळी कॅशियर यायच्या आत मामंजींच्या हातात देते. म्हणजे ते आपणच विकू नका म्हणतील. तेलाबद्दल बोलायची गरजच पडणार नाही.

रविवार, ता. २०

कॅशियर अर्धा तास आधी आले. पिशवी घेऊनच.

यांनी मी टेबलावर पुसून ठेवलेलं रीळ उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. कॅशियरनी पुढे फिरवलं, मागे अडलेलं पाहिलं, कानाशी नेऊन ऐकलं. "वा! हे तर उत्तम स्थितीत आहे. चालत नाही म्हणून स्वस्तात देताय असं वाटलं होतं मला. सांगितलेल्या किमतीवर शंभर जास्त देतो."

यांचा चेहरा उजळला. माझा पडला. मी आठवडाभर राबले ती मामंजींसाठी, आणि चमकवून ठेवलं कॅशियरसाठी!

"इतकं चांगलं आहे तर विकता का?" कॅशियरनी विचारलं.

"बाबांच्या हातात आता जोर नाही राहिला," हे म्हणाले.

मामंजी दारात उभे होते. उजवा हात खिशात. त्यांनी मान हलवली. कॅशियर रीळ पिशवीत घालायला लागले.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो कुठे ठेवला आठवत नाही. मी म्हटलं, "थांबा. जोर गेलेला नाही. मी घालवला होता."

हे म्हणाले, "काय बडबडतेस?"

मग सगळं सांगितलं. दिव्याचं तेल, कुपी, फट, राडा, सगळं. कॅशियरसमोर. ते आधी हसायला लागले, मग माझं तोंड बघून थांबले. "मामंजींचा हात ठीक आहे," मी म्हटलं. "त्यांच्या जागी पहिलवान असता तरी हँडल उलटंच फिरलं असतं. माझ्यामुळे. आणि गुरुवारी कळूनसुद्धा मी बोलले नाही, तेही माझंच."

कॅशियरनी पिशवीत घातलेलं रीळ परत बाहेर काढलं.

मग मामंजी म्हणाले, "किती तेल घातलं होतंस?"

"फट पिईल तेवढं."

"अगं, थेंब मोजणारी तू. आयुष्यात एकदा सढळ हात केलास, तो माझ्या क्लचवर?"

"तुमचं काम होतं म्हणून," मी म्हटलं.

"मला मंगळवारीच वास आला होता," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत? मी रोज मरत होते!"

"शब्द दिला होता. नाव तोंडून निघणार नाही म्हटलं होतं, तर नाव निघालं नाही." असं म्हणून हसले. अर्थ मला लागला नाही. आणि मंगळवारी तर ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. त्यांना इतकं सगळं कसं कळलं, देव जाणे.

"आणि विका म्हणालात ते?" यांनी विचारलं.

मामंजींनी खिशातल्या हाताकडे बघितलं. "रिळात बिघाड होता म्हणजे हातात नव्हताच, असं कुठे आहे? दोन्हींत असू शकतो. ते बघायची भीती वाटली."

मग खिशातून उजवा हात काढला, कॅशियरपुढे धरला आणि म्हणाले, "द्या इकडे. विकायचं नाही. चहा घेऊन जा."

कॅशियर म्हणाले, "काका, मी पिशवी आणली होती हो."

"मग भाजी घेऊन जा," मामंजी म्हणाले.

यांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण बाबा, पाण्यात पडलात तर?"

"सूनबाई येईल बरोबर. पडलो तर वहीत लिहील, काढलं की नाही ते."

सोमवार, ता. २१

मामंजींचा खोकला पूर्ण गेला. शेजारणींना आलं-मध सांगितलं. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांची आणि मशीनची साफसफाई काढली. दिव्यात आजपासून मोजून तेल घालायचं, म्हणजे उरणारच नाही.

मंगळवार, ता. २२

पहाटेच्या प्रार्थनेत देवाला स्पष्ट सांगितलं: मामंजींना तलावावर नेते आहे, ती तुझीच इच्छा दिसते. पण मासा लागू देऊ नकोस. जीव वाचेल आणि मामंजींना हवा लागेल. दोघांचं भलं.

तलावाच्या दगडी काठावर मामंजी खुर्ची टाकून बसले. मी सतरंजीवर जप करत बसले. काठी धरलेला हात थरथरत होता, आणि मला तो दिसत होता हे त्यांना दिसत होतं. दोघंही पाण्याकडे बघत राहिलो. तास गेला. देव ऐकतोय असं वाटलं.

आणि काठी वाकली.

मामंजी उभे राहिले. माशानं अशी ओढ दिली की काठीचं टोक पाण्याला लागलं. मामंजींनी हँडल धरलं. माझा जप कुठे गेला, कळलं नाही. मी सतरंजीवर उभी राहून ओरडत होते, "ओढा मामंजी! सोडू नका! डावीकडे जातोय मेला, डावीकडे!" पलीकडच्या काठावरचा एक माणूस उठून बघायला लागला. बघू दे.

मासा ओढायचा, हँडल टक् थांबायचं. मासा दमायचा, मामंजी दोन फेरे घ्यायचे. पुन्हा ओढ, पुन्हा टक्. घड्याळात पाहिलं होतं, सतरा मिनिटं चाललं. कपाळावरून घाम, मानेच्या शिरा तट्ट, मी मध्येच म्हटलं, "मी धरू का?" तर "खबरदार!" म्हणाले.

शेवटी काठाशी आला. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत एवढा. जाळीत घेतला, तर श्वास घेताना त्याचे गाल हलत होते. आता मला देव आठवला. नुसती बघत राहिले.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं, माशाकडे बघितलं. गळ अलगद सोडवला. "जा बाबा," म्हणाले, "आज तुझ्या मागे फार मोठी माणसं आहेत," आणि पाण्यात सोडला.

खुर्चीवर बसले. धाप लागली होती. उजवा हात मांडीवर उघडा ठेवला होता.

"हात बघितलास?"

"बघितला, मामंजी."

"थरथरत होता?"

खोटं बोलावंसं वाटलं. एकदा गप्प राहून काय होतं ते बघितलंय. "होता," मी म्हटलं. "सगळा वेळ."

"सुटला?"

"नाही."

"नाही सुटला," ते म्हणाले, आणि त्याच हातानं सदऱ्याचं निघालेलं बटण लावलं.

घरी यायला बारा वाजले. स्वयंपाकाला उशीर झाला.